सिंह, फूल आणि दोन पानं

राज्यशास्त्रात एमए करायचं ठरलं तेव्हा वाड्यावरच्या काकांनी विचारलं, "म्हणजे आता पंचायतीला उभी राहतेस?" मावशीचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "एलडीसीचा फॉर्म भरलास की नाही?" गोव्यात सरकारी कारकुनाची जाहिरात आली की बीए, बीकॉम, इंजिनिअर सगळे एकाच रांगेत उभे राहतात, त्यामुळे तिचं काही चुकत नव्हतं. फॉर्म मी भरला, परीक्षाही दिली. ते सगळं चालू असतानाच 2022च्या पावसाळ्यात गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि मी ताळगावच्या पठारावर जाऊन पोचले.

आमचं गाव पेडणे तालुक्यात. हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती आला 1788 साली, बार्देश-सासष्टीनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. 'नव्या काबिजादी', म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेला मुलूख, हा शब्द शाळेत पाठ केला होता, पण आपलं घर त्या शब्दाच्या आत आहे हे कळायला एमए लागलं. घरात बोलणं पेडण्याच्या कोकणीत, जी महाराष्ट्राच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडली की मालवणी होते. आरत्या, दशावतार, लग्नपत्रिका, रोजचा पेपर मात्र मराठीत. शाळा चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी. लोक दोन दगडांवर पाय ठेवतात, आमचे तीन.

पहिलं सत्र बसमध्येच गेलं म्हणायला हरकत नाही. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजीची शटल, पणजीच्या कदंब स्टँडवरून विद्यापीठाची बस. सकाळी सव्वासहाला घर सोडायचं आणि साडेनऊच्या तासाला धापा टाकत शिरायचं. दुसऱ्या सत्रात हॉस्टेल मिळालं. तोवर इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा बराचसा भाग मी मांडवी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये वाचला होता. सर्वांविरुद्ध सर्वांचं युद्ध समजून घ्यायला ती जागा वाईट नाही.

खरी अडचण इंग्रजीची. वाचायला यायचं, लिहायलाही यायचं, पण ते तोंडातून काढायची सवय नव्हती. पहिल्याच सेमिनारला मला विषय मिळाला पोर्तुगालचा. 25 एप्रिल 1974ला लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, नव्या सरकारनं वसाहतींचा हट्ट सोडला, आणि 31 डिसेंबर 1974च्या करारात पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व अखेर मान्य केलं. म्हणजे आम्ही 19 डिसेंबर 1961ला मुक्त झालो, पण पोर्तुगालच्या दप्तरी आणखी तेरा वर्षं त्यांचेच होतो. विषय मला मनापासून आवडला होता. तयारी कडक होती. फक्त लष्करी उठावासाठीचा तो फ्रेंच शब्द मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, नुसता वाचला होता. पुस्तकात जशी अक्षरं दिसली तशी मी वाचली: 'कूप डेटाट'. एकदा नाही, चार वेळा. मागच्या बाकावरून खुसफुस आली. सर काहीच बोलले नाहीत. शेवटी समारोप करताना मात्र त्यांनी तो शब्द सहज दोन-तीनदा वापरला: 'कू देता'. माझ्याकडे न बघता. त्या न बघण्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

त्या रात्री एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा देवनागरीत, उच्चारासकट, आणि उजवीकडे मराठी. ग्रंथालयात भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश मिळाला. काही शब्द त्यातले, काही जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतले, काही पेपरांतल्या लेखांतून उचललेले. 'हेजेमनी'ला 'धुरीणत्व' सापडलं तेव्हा फार बरं वाटलं. धुरा म्हणजे जू. गाडीचं जू ज्याच्या खांद्यावर, तो धुरीण. बाकीचे त्याच्या मागून चालतात आणि आपण आपल्या मर्जीनं चालतोय असं समजतात. वर्गात इंग्रजी व्याख्येवर तास गेला होता, पण मला ती बैलगाडी दिसल्यावर कळलं. 'लेजिटिमसी', म्हणजे सत्तेला असलेली लोकांची मान्यता, यासाठीचा 'अधिमान्यता' हा शब्द मात्र मला अजूनही पत्रकारांच्या सरकारी ओळखपत्रासारखा वाटतो.

पहिल्या सत्राचा दुसराच महिना चालू होता, तारीख 14 सप्टेंबर 2022. भारतीय शासन आणि राजकारणाचा तास. आदल्या आठवड्यात आम्ही पक्षांतरबंदीचा कायदा उरकला होता: 1985ची बावन्नावी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची, आणि 2003च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनं काढून टाकलेली, एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रतेतून सुटायची वाट. सर आत आले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उघडलंच नाही. काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला होता. सगळ्यांच्या मोबाईलवर तीच बातमी.

"आठच का?" सरांनी विचारलं. "सात का नाहीत?"

कोणी म्हणालं मंत्रिपदं, कोणी म्हणालं नववा तयार झाला नसेल. सरांनी फळ्यावर भागाकार मांडला. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश. "एक तृतीयांश आमदार कुठून आणणार? म्हणून आठ." अनुसूचीचा चौथा परिच्छेद म्हणतो की विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केलं तर अपात्रता लागत नाही. आता पहिली अट मूळ पक्षच विलीन होण्याची आहे, की नुसते आमदार पुरेत, यावर पुढचा पाऊण तास आम्ही भांडलो. 2019ला पंधरापैकी दहा गेले होते तेव्हाही वाद हाच होता, आणि फेब्रुवारी 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं कौल त्या आमदारांच्या बाजूनं दिला होता.

वर्गात बारा तालुक्यांची मुलं. त्या आठांपैकी कोणाचा ना कोणाचा मतदार असलेले आमच्यात चौघं होते. एक मुलगी गप्पच होती. तिच्या वडिलांनी जानेवारीपासून एका उमेदवारासाठी घरोघर हिंडून काम केलं होतं. निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली होती. बांबोळीचा खुरीस विद्यापीठाच्या अगदी शेजारी. हायवेवरून येणारी आमची बस रोज त्याच्यासमोरून जाते आणि अर्धे प्रवासी नकळत छातीला हात लावतात. ती मुलगी एवढंच म्हणाली, "सर, दहाव्या अनुसूचीत देवाला पक्षकार करता येतं?"

सर हसले नाहीत. त्यांनी रवी नाईक खटल्याचं टिपण वाटलं. 1994चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: पक्षाचं सदस्यत्व 'स्वेच्छेनं सोडणं' म्हणजे राजीनामाच द्यायला हवा असं नाही, आमदाराच्या वागण्यावरूनही ते ठरवता येतं. देशभरात आजही पक्षांतराच्या वादात हा निकाल काढला जातो, आणि तो आला आमच्या चाळीस आमदारांच्या विधानसभेतून. याचा अभिमान बाळगावा की नाही यावर वर्गात एकमत झालं नाही.

गोव्यात हा विषय शिकण्यातली गोची हीच. एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार म्हणजे बारशाला, लग्नाला, मर्तिकाला येणारा माणूस. कोणाचा मामा पंच, कोणाची वहिनी जिल्हा पंचायतीला पडलेली. प्रतिनिधित्वावरचे जाडजूड ग्रंथ लिहिले गेले ते लाखालाखांच्या मतदारसंघांकडे बघून, जिथं प्रतिनिधी हा भाषण ठोकणारा लांबचा ठिपका असतो. आमच्याकडे तो गटार तुंबलं की फोनवर येतो. त्यामुळे वर्गात कोणी 'आश्रयदाता-आश्रित संबंध' असं गंभीर आवाजात म्हटलं की निम्म्या वर्गाला आपापले चुलते आठवायचे. विषयापासून हातभर लांब उभं राहायला आम्हाला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी जमलं असतं का कोण जाणे.

तर त्या आठवड्याच्या शेवटी मी घरी गेले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या: काँग्रेस विधिमंडळ पक्षाचं विलीनीकरण. आजी आत नारळ खवत होती. तिथूनच ओरडली, "परत? आता कोणाचं विलीनीकरण?"

माझ्या डिझर्टेशनचा विषय तिथं ठरला. गाइड मॅडमना तो पटवायला वर्ष गेलं ते वेगळं.

आजीच्या पिढीला विलीनीकरण म्हणजे एकच: गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही. 16 जानेवारी 1967ला त्यावर जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे केंद्रशासित संघप्रदेश म्हणून वेगळे राहा. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021. आमच्या घरात विलीनीकरणवादी पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो देवघराच्या शेजारी आहे, म्हणजे आम्ही फूलवाले हे सांगायची गरज नाही. आजोबांनी त्या दिवसांत 'चलो महाराष्ट्र'च्या घोषणा देत तालुका पालथा घातला होता म्हणे.

मला छळत होतं ते दुसरंच. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊंनी डिसेंबर 1966मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. जानेवारीत लोकांनी त्यांचं विलीनीकरण नाकारलं. आणि मार्चमध्ये त्याच लोकांनी त्यांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन परत मुख्यमंत्री केलं. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, आणि ते महाराष्ट्र सव्वादोन महिन्यांपूर्वी हरलेलं. असं का?

याची पुस्तकी उत्तरं आहेत आणि ती चुकीची नाहीत. मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक, हा बहुजन समाजाचा, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या-राहणाऱ्या कुळा-मुंडकारांचा पक्ष होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, अंगणात चप्पल काढून उभं राहणाऱ्यांना पहिल्यांदा आपला माणूस सत्तेवर दिसला. कौलात सरळ दोनच बाजू होत्या, निवडणुकीत मतं विखुरली. समाजशास्त्रज्ञ वेबरच्या भाषेत करिष्म्यावर उभी राहिलेली अधिमान्यता. मॅडम म्हणाल्या, "हे सगळं लिहून झालंय. तू माणसं शोध."

माणसं शोधणं म्हणजे वयाचं गणित. तेव्हा मतदानाचं वय एकवीस. 1967ला एकवीस असलेला माणूस 2024ला अठ्ठ्याहत्तरचा. म्हणजे मला हवे होते ऐंशीच्या आसपासचे, ऐकू येणारे, आठवण शाबूत असलेले लोक, आणि तेही काजूच्या हंगामाआधी, कारण मार्च लागला की पेडण्यात कोणी अंगणात बसलेलं सापडत नाही, म्हातारेसुद्धा बागेत. मी बत्तीस प्रश्नांची यादी केली. कोणाबरोबर मतदानाला गेलात, कोणी सांगितलं, सभा ऐकली का, भाटकारानं काही म्हटलं का, मराठी-कोकणीचा मुद्दा वाटला का. संमतीपत्राचा नमुना छापून घेतला, आणि पहिल्याच घरात तो आपटला.

"सही? कसली सही गो?"

म्हातारबांनी कागद लांब धरला, मग मुलाला हाक मारली, मुलानं सुनेला. कुळाच्या खटल्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कागदावर सही मागणं म्हणजे काय, हे संशोधन पद्धतीच्या तासाला कोणी सांगितलं नव्हतं. अंगठ्यांवर जमिनी गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे मॅडमनी तोंडी संमती रेकॉर्ड करायला परवानगी दिली, तेव्हा कुठं गाडी हलली. एका घरी तर पन्नास मिनिटं झकास मुलाखत झाली आणि मधेच कुरिअरवाल्याचा फोन आल्यामुळे रेकॉर्डिंग पहिल्या सहा मिनिटांतच थांबलं होतं हे मला बसमध्ये कळलं. चूक सर्वस्वी माझी. पुन्हा गेले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "काल सांगितलं ना सगळं," आणि चहा दिला.

पेडण्यात सतरा मुलाखती झाल्या. त्यातली अकरावी आजीची. तिला सगळ्यात शेवटी ठेवणार होते, पण तीच म्हणाली, "गावभर विचारतेस, मला कधी विचारणार?" ती 1944ची. मी समोर बसले, मोबाईल मधे ठेवला, आणि अहो-जाहो करावं की काय या विचारात पाच मिनिटं गेली. तिनं मात्र एका दमात सांगितलं. शाळेत मतदान होतं, आजोबा पुढे, बायका मागून. आणि मत?

"सिंहार शिक्को मारलो."

मी थांबले. सिंह ही मगोची निशाणी. जानेवारीच्या मतपत्रिकेवर सिंह नव्हताच. फूल होतं आणि दोन पानं होती. मी म्हटलं, आजी, ते मार्चमधलं. ही फुलाची गोष्ट. ती म्हणाली, फूलबील ठाऊक नाही, भाऊंना मत दिलं. घरी परत परत विचारायची सोय असते, म्हणून तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा सिंह.

मग बाकीच्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. सतरापैकी सात जणांनी कौल आणि निवडणूक अशीच एकात एक मिसळली होती. मला वाटलं काम वाया गेलं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "वाया कसं? त्यांना तेव्हा प्रश्न एकच दिसला, भाऊ हवेत की नकोत. मार्चचं उत्तर शोधत होतीस ना?" चौथं प्रकरण त्यावर उभं राहिलं.

दुसरी बाजू हवी म्हणून वर्गमित्राबरोबर सासष्टीत कुडतरीला गेले, त्याच्या शापायकडे, म्हणजे आजोबांकडे. नव्वदीच्या घरातले गृहस्थ, पांढरा शुभ्र बनियन, समोर तळ्यावरचा वारा. मी नाव-गाव सांगितलं. ते म्हणाले, "पेडणे? म्हणजे फूल." आणि मी काही विचारायच्या आत, फोन नंबर सांगावा तसा आकडा म्हटला, इंग्रजीत: थर्टी फोर थाउजंड अँड ट्वेंटी वन. जिंकलेल्यांना फरक पाठ होता. आमच्याकडे सतरांपैकी एकालाही नव्हता.

त्यांनीच आणखी एक सांगितलं, ज्यानं माझी जरा पंचाईत झाली. शेजारचा दुकानदार त्या दिवसांत संध्याकाळी 'राष्ट्रमत' मोठ्यानं वाचायचा आणि हे ऐकायला जायचे. विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारं हे दैनिक, त्यातलं उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर, सगळं मराठीत. आमच्या घरात समीकरण सोपं होतं: मराठी म्हणजे फूल. ज्या भाषेसाठी आजोबा घसा फोडत होते त्याच भाषेत त्यांचा पराभव लिहिला जात होता, हे मला तेविसाव्या वर्षी, कुडतरीच्या व्हरांड्यात, ज्यांना मराठी धड बोलता येत नव्हतं अशा म्हाताऱ्यानं सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. पानं उलटत त्यांनी विचारलं, "उत्तरदात्री क्रमांक अकरा. त्यांनी विलीनीकरणाला मत दिलं, की नाही?" मी म्हटलं, शिक्का फुलावर पडला असणार, पण त्यांनी विलीनीकरणाला मत दिलं असं मी लिहू शकत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या तुमच्या कोण?" ते मी प्रस्तावनेत लिहिलंच होतं. पुढचे प्रश्न नमुना निवडीवर गेले. गुण बरे पडले.

मे महिन्यात बाइंडिंग केलेली प्रत घरी नेली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. आजीनं हात पुसून ती हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हणाली, माझं काय लिहिलंस ते वाच. इंग्रजीतून मराठी करत चौथं प्रकरण वाचायला लागले. "सोळा जानेवारी एकोणीसशे सदुसष्ट रोजी..."

"सोमार," ती म्हणाली.

"काय?"

सोमवार होता तो, तिचा उपास. संक्रांत नुकतीच झालेली, रांगेत कोणीतरी तिळगूळ वाटला, आणि उपासाला चालतो की नाही यावरून पुढची बाई आणि ती हुज्जत घालत होत्या. आजोबा मागे वळून रागावले होते.

मी मोबाईलवर कॅलेंडर काढलं. 28 मार्च 1967, निवडणूक: मंगळवार. 9 डिसेंबर 1963, पहिली निवडणूक: सोमवार, पण तेव्हा ती एकोणीसची, मत नव्हतंच. 16 जानेवारी 1967: सोमवार. म्हणजे तिला जानेवारी आठवत होता. वेगळा, स्वच्छ, तिळगुळासकट. मिसळलेल्या सातांत मी तिला धरलं होतं.

"आणि सिंह?" मी विचारलं.

"सिंह आशिल्लो."

"मग हे सोमवारचं तेव्हा का नाही सांगितलंस?"

प्रत माझ्या मांडीवर ठेवून ती उठली. "तुवें वार खंय विचारिल्लो?"